दूधसागर आणि योसेमिटी: दोन धबधब्यांची तुलना कोणत्या क्रमाने करायची

मुलाकडे किंवा मुलीकडे कॅलिफोर्नियाला महिनाभर राहून आलेली मुंबईकर मंडळी परतल्यावर हटकून एक वाक्य बोलतात: "योसेमिटीपुढे आपला दूधसागर काहीच नाही." दुसऱ्या बाजूने जुलैत रेल्वेतून दूधसागर पाहिलेले लोक ऑगस्टमध्ये योसेमिटीला पोहोचतात, समोर कोरडा कडा बघतात आणि "एवढ्यासाठी आलो होतो का" म्हणतात. दोघंही चुकतात, कारण दोघंही वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवतात. एकाची एकूण उंची, दुसऱ्याची दिसलेली उंची. एकाचा भर हंगाम, दुसऱ्याची उतरती कळा.

खालची पद्धत याच दोन धबधब्यांवर बेतलेली आहे: गोव्याच्या भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातला दूधसागर, आणि अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातला योसेमिटी धबधबा. आकडे आणि जागा बदलल्या की कुठल्याही दोन धबधब्यांना ती लागू पडते. साहित्यात लागतो फक्त मोबाइल, मोजपट्टी आणि वही.

टप्पा १: काय मोजायचं ते आधी लिहून ठेवा

"मोठा कोणता" हा प्रश्न मोजता येत नाही. त्याऐवजी वहीत पाच ओळी आखा आणि दोन्ही धबधब्यांसाठी त्याच पाच ओळी भरा:

- एकूण उंची: वरच्या कड्यापासून शेवटच्या डोहापर्यंत
- सर्वांत मोठा एकसंध टप्पा
- पाणी पडतं कसं: हवेतून सुटं की खडकाला चिकटून
- पाहण्याच्या दिवशी प्रवाह किती
- उभ्या जागेवरून डोळ्यांत मावणारा कोन

पहिल्या दोन ओळींतच सगळ्यात जास्त घोळ होतो. योसेमिटीची छापील उंची ७३९ मीटर, म्हणजे २,४२५ फूट. पण हा एक धबधबा नाही. वरचा टप्पा ४३६ मीटर, मधली घसरंड २०६ मीटर आणि खालचा टप्पा ९८ मीटर. बेरीज केलीत तर एका मीटरचा फरक येतो, तो फुटांचे मीटर करताना झालेल्या पूर्णांकाचा. मधली २०६ मीटरची घसरंड खडकांच्या खाचेत लपलेली असते आणि दरीतल्या बहुतेक जागांवरून ती धड दिसतच नाही. म्हणजे ७३९ मधला चौथ्या हिश्शापेक्षा थोडा जास्तच भाग पाहणाऱ्याच्या नजरेआड असतो.

दूधसागरचा नेहमी दिला जाणारा आकडा ३१० मीटर आहे आणि सरासरी रुंदी ३० मीटर. तोही चार टप्प्यांत उतरतो. म्हणून एकूण उंची एकूण उंचीशीच जुळवायची: ७३९ आणि ३१०, साधारण २.४ पट. एकसंध टप्पा लावायचा तर एका बाजूला ४३६ आहे आणि दुसऱ्या बाजूला दूधसागरचा सर्वांत मोठा टप्पा, जो तुम्हाला टप्पा ५ मध्ये स्वतः मोजायचा आहे. ४३६ च्या शेजारी ३१० लिहिणं ही चूक आहे आणि ती सर्रास होते.

तपासणी: एकक एकच आहे ना? अमेरिकेतले फलक फुटांत, आपले मीटरमध्ये. फुटांचे मीटर करायला ०.३०४८ ने गुणा. दूधसागरसाठी काही प्रवासी पत्रकांवर ३१० च्या जवळपास दुप्पट आकडा छापलेला दिसतो; तो घेऊ नका.

टप्पा २: हंगाम जुळवा, तारीख नाही

"दोन्ही ऑक्टोबरमध्ये पाहिले" ही न्याय्य तुलना वाटते, पण नाही. दूधसागर पावसावर चालतो, योसेमिटी बर्फावर.

दूधसागर जून अखेरीपासून फुगतो, जुलै-ऑगस्टमध्ये भरात असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत देखणा राहतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत बारीक धारांवर येतो. योसेमिटीचा ओढा वरच्या पठारावरचं बर्फ वितळून भरतो. त्याचा भर मे महिन्यात, जूनमध्येही जोर टिकून, जुलैत उतार. ऑगस्टपासून शरदातल्या पहिल्या पावसापर्यंत तो बहुतेक वर्षी आटलेला किंवा नावापुरता असतो. त्या काळात फलकावर २,४२५ फूटच लिहिलेलं असतं, कड्यावरून मात्र काही पडत नाही.

म्हणून जोड्या अशा लावा:

- भर विरुद्ध भर: दूधसागर जुलै अखेर ते ऑगस्ट, योसेमिटी मे मध्य ते जून सुरुवात
- भर ओसरल्यावर: दूधसागर ऑक्टोबर, योसेमिटी जुलै

इथे एक अडचण आहे आणि ती लपवून तुलना करू नये. योसेमिटीचा भर तुम्ही पायथ्याशी उभं राहून पाहू शकता. दूधसागरचा भर पायथ्यावरून पाहता येत नाही, कारण पायथ्याजवळच्या कुळे गावाहून जाणारी जीप वाटेत ओढे ओलांडते आणि पावसाळ्यात ती वाट बंद असते. जीप साधारण ऑक्टोबरात सुरू होते. म्हणजे भर विरुद्ध भर हवं असेल तर दूधसागरचं निरीक्षण रेल्वेतूनच करावं लागेल. वहीत तसं लिहा: "दूधसागर, भर हंगाम, रेल्वेतून."

योसेमिटीला निघण्याआधी प्रवाहाची खात्री घरबसल्या होते. योसेमिटी कॉन्झर्व्हन्सी या संस्थेचा थेट कॅमेरा या धबधब्यावर रोखलेला आहे. आठवडाभर तिथल्या सकाळी एकाच वेळी चित्र पाहून ठेवा. भारतीय वेळ साडेबारा तासांनी पुढे आहे (अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना), म्हणून मुंबईत रात्री साडेदहा-अकराला पाहिलंत तर तिथे सकाळचे दहा-साडेदहा असतात. दूधसागरसाठी भारतीय हवामान विभागाचा गोव्यातला आणि घाटमाथ्यावरचा मागच्या तीन दिवसांचा पाऊस नोंदवा.

टप्पा ३: मोबाइल घरीच तपासून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि मग धबधब्यापाशी अॅपवर भरवसा ठेवतात. तीन कामं आहेत, तिन्ही मुंबईत होतात.

*शून्य तपासणं.* कोन मोजणारं अॅप घ्या, ज्यात कॅमेऱ्यातून रोखलेल्या बिंदूचा चढता किंवा उतरता कोन दिसतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून किंवा वांद्र्याच्या बँडस्टँडवरून समुद्राच्या क्षितिजावर रोखा. पाण्यापासून पाच मीटर उंचीवरून क्षितिज आडव्या रेषेच्या अंशाच्या दहाव्या भागाइतकंही खाली नसतं, तेव्हा अॅपने शून्य दाखवायला हवं. ०.६ दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक वाचनातून ०.६ वजा करा. धुरक्यात क्षितिज कळत नाही. पावसाची सर पडून गेल्यावर हवा निवळते, तेव्हा हे करा. मोबाइलचं कव्हर काढून किंवा घालून, जसा पुढे वापरणार तसाच आता वापरा.

*इमारत मोजणं.* सोसायटीच्या जिन्यातल्या एका पायरीची उंची मोजपट्टीने मोजा, तळापासून गच्चीपर्यंतच्या पायऱ्या मोजा, गुणाकार करा. १४० पायऱ्या आणि १५ सेंटिमीटर उंची असेल तर २१ मीटर. आता इमारतीपासून २५-३० मीटर अंतरावर जमिनीवर उभं राहून गच्चीच्या पातळीचा आणि तळाचा कोन घ्या आणि टप्पा ५ मधल्या सूत्राने उंची काढा. गच्चीचा कठडा धरू नका, तो जिन्याच्या हिशेबात नसतो. पाच टक्क्यांच्या आत उत्तर जुळलं की तुमचा हात बसला. नाही जुळलं तर बहुतेक वेळा अंतर चुकलेलं असतं, कोन नाही.

*चौकटीचं गुणोत्तर काढणं.* हे रेल्वेतून मोजण्यासाठी लागतं. भिंतीवर आडवी मोजपट्टी चिकटवा, मोबाइल आडवा धरा, भिंतीपासून बरोबर २ मीटरवरून १x भिंगाने फोटो काढा. चौकटीच्या लांब बाजूत किती सेंटिमीटर मावले ते वाचा. आजच्या बहुतेक मोबाइलवर ते २६०-२७० च्या आसपास येतं. २६६ आले तर गुणोत्तर २६६ ÷ २०० = १.३३. हा आकडा मोबाइलच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. घरात एवढी मोकळी भिंत नसेल तर इमारतीचा पॅसेज चालतो.

सावधान: ०.५x भिंग मोजणीसाठी वापरू नका. त्याच्या कडा ताणलेल्या असतात आणि धबधब्याचा माथा नेमका कडेला येतो. डिजिटल झूम आणि फोटो कापणं हेही वर्ज्य.

टप्पा ४: उभं राहायची जागा नकाशावर ठरवा

गुगल अर्थमध्ये धबधब्याचा माथा, प्रत्येक टप्प्याचा पायथा आणि तुमची उभी राहायची जागा, अशा खुणा लावा. त्यातल्याच मोजपट्टीने तुमच्या जागेपासून प्रत्येक खुणेपर्यंतचं *आडवं* अंतर काढा आणि लिहून ठेवा. माथ्याचं अंतर वेगळं, पायथ्याचं वेगळं. धबधबा म्हणजे इमारत नव्हे. त्याचा माथा पायथ्याच्या मागे असतो, कधी शंभर-शंभर मीटर मागे.

चांगली जागा ती, जिथून माथ्याचा कोन २५ ते ४५ अंशांमध्ये येतो. का, ते आकड्यांत पाहा: ४५ अंशांवर कोन एका अंशाने चुकला तर उंची साडेतीन टक्क्यांनी चुकते. २० किंवा ७० अंशांवर तीच चूक सव्वापाच टक्क्यांच्या पुढे जाते. अगदी पायथ्याशी मान वर करून घेतलेला कोन म्हणूनच निकामी असतो. त्यात पुढे आलेला खडक खरा माथा झाकतो आणि तुम्ही भलत्याच कडेला माथा समजता.

योसेमिटीत कुक्स मेडो, सेंटिनल ब्रिज आणि स्विंगिंग ब्रिज या दरीतल्या तीन जागांवरून वरचा टप्पा मोकळा दिसतो. खालच्या टप्प्यासाठी त्याच्या पायथ्याची साधारण एक मैलाची गोल पायवाट. त्या पायवाटेवरच्या पुलावर तुषार इतके येतात की मे महिन्यात भिंग पुसत बसावं लागतं. कोन पुलाच्या अलीकडूनच घ्या.

दूधसागरला दोन जागा आहेत. एक, रेल्वेचा डबा: मार्ग पुलावरून थेट धबधबा ओलांडतो आणि त्याच्या आसपासच्या वळणांवरून पूर्ण उतार दिसतो. दोन, पायथ्याचा डोह, जीपने गेल्यावर. पुलावरून जाताना तुम्ही धबधब्याच्या मध्येच असता. तिथून दिसतो तो पुलाच्या वरचा भाग. त्या फोटोखाली "३१० मीटर" लिहू नये. डोहातून दिसतो तो खालचा भाग आणि पुलावरचा थोडा.

सावधान: रुळांवरून चालत जाऊन जागा गाठू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि पावसाळी शनिवार-रविवारी तिथे पकडापकडी होते. शिक्षा बाजूला ठेवली तरी बोगदे, वळणं आणि पाण्याचा आवाज यांत मागून येणारी गाडी कळत नाही. ड्रोनचा विचारही सोडा: अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत त्याला बंदी आहे आणि आपल्याकडेही संरक्षित वनात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

टप्पा ५: उंची मोजा

हा मुख्य टप्पा. घाई नको.

*कोनाची पद्धत (योसेमिटी, आणि जिथे थांबून मोजता येतं तिथे).*

१. जागेवर स्थिर उभं राहा, शक्यतो तिपाईवर. लोकेशन चालू करून जागेची नोंद घ्या.

२. माथ्याचा कोन पाच वेळा घ्या. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान सोडून उरलेल्या तिघांची सरासरी.

३. पायथ्याचा कोन तसाच. पायथा धुक्यात असेल तर बाजूच्या खडकाला पाणी जिथे लागतं ती रेघ धरा, तुषारांचा ढग नाही.

४. सूत्र: उंची = (माथ्याचं आडवं अंतर × माथ्याच्या कोनाचा टॅन, म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं tan) वजा (पायथ्याचं आडवं अंतर × पायथ्याच्या कोनाचा टॅन). पायथा डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर वजाऐवजी अधिक.

काल्पनिक आकड्यांवर करून पाहू. पायथा ४०० मीटरवर, कोन ३ अंश. माथा ५२० मीटरवर, कोन ३१ अंश. ५२० × ०.६०१ = ३१२.५. ४०० × ०.०५२ = २१. उंची साधारण २९१ मीटर. आता नेहमीची चूक करा: दोन्हीला ४०० धरा. ४०० × ०.६०१ = २४०, वजा २१, उत्तर २१९. एकाच धबधब्यातले ७२ मीटर गायब. स्वतः मोजणाऱ्यांचे आकडे छापील आकड्यांपेक्षा जवळजवळ नेहमी कमी का येतात याचं बहुतांशी उत्तर इथे आहे. फलक खोटा असतोच असं नाही.

*चौकटीची पद्धत (दूधसागर, चालत्या गाडीतून).*

चालत्या डब्यात कोन घेता येत नाही, फोटो घेता येतो. मोबाइल उभा धरा, पण पुढे-मागे न झुकवता, अगदी ओळंब्यात. स्क्रीनवर ग्रिड आणि लेव्हल चालू ठेवा. गाडी उताराच्या अधल्यामधल्या उंचीवर असल्यामुळे इथे मोबाइल न झुकवता वरचा-खालचा भाग बऱ्यापैकी मावतो, ही या मार्गाची सोय आहे. पाच-सहा फोटो घ्या. घरी आल्यावर फोटोतली जागा नकाशावर पाहा आणि धबधब्यापर्यंतचं अंतर काढा.

उंची = अंतर × चौकटीचं गुणोत्तर × (फोटोत धबधब्याने व्यापलेला भाग). ८०० मीटरवरून काढलेल्या फोटोत धबधबा चौकटीच्या ३० टक्के असेल आणि गुणोत्तर १.३३ असेल तर ८०० × १.३३ × ०.३० = ३१९ मीटर. टप्पे वेगळे मोजायचे असतील तर वरच्या कोनाच्या पद्धतीसारखंच: चौकटीच्या मधल्या आडव्या रेषेपासून प्रत्येक कड्याची उंची-खोली त्याच्या त्याच्या अंतराने काढा आणि मग वजाबाकी करा. दूधसागरचा टप्पावार हिशेब पत्रकांवर सहसा मिळत नाही, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

योसेमिटीतही एक फोटो याच पद्धतीने काढा. मात्र तिथे सगळा धबधबा तुमच्या डोक्यावर असतो आणि ओळंब्यात धरलेल्या मोबाइलची वरची अर्धी चौकट साधारण ३३ अंशांपर्यंतच पोहोचते. माथा कापला जात असेल तर मोबाइल झुकवू नका, मागे सरका.

तपासणी: योसेमिटीचा खालचा टप्पा ९८ आणि वरचा ४३६ मीटर, हे आकडे खात्रीचे आहेत. तुमचं उत्तर पाच-सहा टक्क्यांत जुळत असेल तरच त्याच मोबाइलने काढलेला दूधसागरचा आकडा ग्राह्य धरा. शक्य असेल तर मे महिन्यात योसेमिटी आणि त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये दूधसागर, हा क्रम उत्तम. माहीत असलेल्या उंचीवर पद्धत पारखून मग कमी माहिती असलेल्या धबधब्याकडे जाता येतं.

काय वापरू नये, तेही थोडक्यात. मोबाइलची जीपीएस उंची दरीत दहा-वीस मीटर सहज चुकते. वायुदाबावरून उंची सांगणारं घड्याळ बरं, पण समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कल बदलला की उंची आठ मीटरने हलते, आणि आपल्याकडे दिवसभरात दोन-तीन हेक्टोपास्कलची चढउतार रोजची आहे. म्हणून वर आणि खाली दोन्ही वाचनं तासाभरात झाली तरच घ्या. लेसर पाण्यावर रोखलात तर तुषारांवरून परततो, बाजूच्या कोरड्या खडकावर रोखा. पाणी पडायला लागलेल्या सेकंदांवरून उंची काढण्याचा मोह अनेकांना होतो. ९८ मीटर निर्वातात पडायला सुमारे साडेचार सेकंद लागतात, पण खरं पाणी फुटून तुषार होतं, हवा त्याला अडवते, वेळ वाढतो आणि सूत्र उंची फुगवून सांगतं. दूधसागरचं पाणी तर खडकावरून घसरत येतं, तिथे हे सूत्र लागूच नाही.

टप्पा ६: पाणी पडतं कसं, ते नोंदवा

एक मिनिटाचा व्हिडिओ पुरे, पण दोन्हीकडे सारख्या सेटिंगवर. योसेमिटीचा वरचा टप्पा कड्यापासून सुटतो आणि वाऱ्याबरोबर डावीउजवीकडे झुलतो. दूधसागरचं पाणी तिरक्या खडकावर पसरत, आपटत, फेसाळत उतरतं. त्याचा पांढरेपणा या आपटण्यातून येतो. त्यामुळे थोडक्या पाण्यातही दूधसागर भरलेला दिसू शकतो, आणि योसेमिटीचं तेवढंच पाणी अर्ध्यावर धूर होऊन जातं. फक्त फोटो शेजारी ठेवून "पाणी कुठे जास्त" ठरवणाऱ्यांची इथे फसगत होते.

पांढऱ्या पट्ट्याची रुंदी माथ्याशी, मध्यावर आणि पायथ्याशी अशी तीन ठिकाणी फोटोतून काढा. दूधसागरला मोजपट्टी म्हणून पुलावरची गाडी वापरता येते: जुन्या निळ्या आयसीएफ डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर, नव्या एलएचबी डब्याची सुमारे २३.५ मीटर. दोन अटी आहेत. फोटोतला डबा वळणावर तिरका नसावा, आणि ही पट्टी फक्त पुलाच्या पातळीवरच्या पाण्याला लावावी. वरचे टप्पे गाडीच्या मागे, लांब आहेत. योसेमिटीत झाडांची उंची अंदाजाने धरून पट्टी बनवू नका. तिथल्या झाडांच्या उंचीत दुपटीचा फरक सहज असतो.

टप्पा ७: प्रवाहाला श्रेणी द्या, लिटर नको

प्रवाह लिटरमध्ये सांगायचा तर ओढ्याची रुंदी, सरासरी खोली आणि वेग लागतो. तो काढायला पाण्यात उतरावं लागतं, आणि या दोन्ही ठिकाणी ते करू नये. योसेमिटीच्या ओढ्यातला गुळगुळीत ग्रॅनाइट पायाखाली साबणासारखा असतो आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी काही मिनिटांत हातपाय बधिर करतं. दूधसागरच्या डोहात वरच्या पावसाने पाणी अचानक वाढतं.

त्याऐवजी पाच श्रेणी: ० कोरडा, १ तुटक धारा, २ अखंड पण अरुंद, ३ कड्याची नेहमीची वाट भरलेली, ४ नेहमीच्या वाटेबाहेरही पाणी. दोन्हीकडे श्रेणी एकाच माणसाने द्यावी. आणि वेळ लिहा. बर्फाच्या धबधब्यात दुपारच्या उन्हाने वितळलेलं पाणी काही तासांनी कड्यावर पोहोचतं, म्हणून मे महिन्यात एकाच दिवशी सकाळी आणि रात्री प्रवाह वेगळा असतो. पावसाच्या धबधब्याला घड्याळ नसतं. तिथे शेवटची मोठी सर किती तासांपूर्वी थांबली ते लिहा.

टप्पा ८: डोळ्यांत मावणारा कोन

"भव्य वाटला" याचं मोजमाप हेच. माथ्याच्या कोनातून पायथ्याचा कोन वजा करा. अॅप बंद पडलं तर हात लांब करून मूठ धरा: आडव्या मुठीची उंची साधारण दहा अंश. दीड किलोमीटरवरचा ४३६ मीटरचा टप्पा जेमतेम दीड मुठीत मावतो, तर पाऊणशे मीटरवरचा पन्नास मीटरचा टप्पा तीन मुठींहून मोठा दिसतो. दूधसागरच्या पुलावर गाडीच्या खिडकीत धबधबा अंगावर येतो तो या हिशेबाने, आणि दरीच्या कुरणातून पाहिलेला योसेमिटी शांत वाटतो तोही याच हिशेबाने. तुलना लिहिताना "कुठून पाहिला" ही ओळ या कोनासह द्या, नाहीतर विशेषणांना काही अर्थ उरत नाही.

टप्पा ९: जाण्याची तयारी

मुंबईहून दूधसागर: कोकण रेल्वेने मडगाव, तिथून कुळे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जोडगाड्यांच्या वेळा त्यावरूनच पाहा. घाटातून जाणारी गाडी निवडताना एकच प्रश्न विचारा: ती कुळे (घाटाखालचं स्टेशन) ते कॅसलरॉक (घाटमाथ्यावरचं स्टेशन) हा टप्पा उजेडात ओलांडते का? दूधसागर धबधबा कोणत्या बाजूला येईल ते डब्यातल्या नेहमीच्या प्रवाशांना विचारून खिडकी धरा. दारात लोंबकळून फोटो नको. दरड कोसळली की हा मार्ग बंद होतो, परतीला एक मोकळा दिवस ठेवा. मोबाइलचं लोकेशन घाट सुरू होण्याआधी, वरून येताना लोंढ्याला किंवा खालून जाताना कुळ्यालाच चालू करा. घाटात नेटवर्क नसताना त्याला जागा पकडायला वेळ लागतो आणि तोवर फोटोवर चुकीची जागा पडते.

योसेमिटी: स्वतःची गाडी नसेल तर मर्सेड शहराहून यार्ट्स या बससेवेची बस योसेमिटीच्या दरीत जाते. प्रवेशासाठी आगाऊ नोंदणीचा नियम काही वर्षी असतो, काही वर्षी नसतो, म्हणून तिकिटं काढण्याआधी उद्यानाचं संकेतस्थळ पाहा. वरच्या टप्प्याच्या माथ्याची वाट जाऊन-येऊन ७.२ मैल आणि सुमारे ८२० मीटर चढाईची आहे. मोजणीसाठी तिची गरज नाही. माथ्यावरून उंची मोजता येत नाही.

सामानात झिपची प्लास्टिक पिशवी, भिंग पुसायला दोन सुती फडकी (एक भिजतंच), पॉवर बँक, पेन्सिल. पेनाची शाई तुषारांत पसरते.

टप्पा १०: तुलना लिहिताना

आकडे पूर्ण करून लिहा. पाच टक्के चूक असलेल्या मोजणीत "२९१.४ मीटर" हा खोटा नेमकेपणा आहे, "सुमारे २९० मीटर" बरोबर. छापील आकडा आणि स्वतः मोजलेला आकडा वेगळ्या रकान्यांत ठेवा, त्यांची सरासरी काढू नका. प्रत्येक धबधब्यापुढे तारीख, वेळ, जागा, प्रवाहाची श्रेणी. दोन्ही श्रेणींत दोनपेक्षा जास्त फरक असेल, म्हणजे एक ४ आणि दुसरा १, तर दिसण्याबद्दल काहीही लिहू नका; फक्त उंचीचे रकाने भरा आणि उरलेले योग्य हंगामातल्या पुढच्या फेरीसाठी रिकामे ठेवा.